कौलाचा गोटा

आवाज गेला आणि त्याच्यामागोमाग देवावरचा भरवसाही निघाला. दोघं एकाच एसटीत शेजारी बसून गेले म्हणा ना. त्यातला एक परत आला तो दुसऱ्याला हाताला धरूनच. ते कसं, हे सांगायला बसले आहे.

देवगाव फाट्यावर आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे वर पत्रे, खाली दोन बाकडी, मध्ये कढई आणि कढईमागं मी. माझ्या हाकेवर ते सगळं उभं होतं. मी ‘गरम भजी’ म्हणून ओरडले की सेलूच्या स्टँडवर बसलेल्यांना भूक लागायची. ड्रायव्हर लोक फाट्यावर ब्रेक दाबत नसत, माझी हाक ऐकून गाडी आपणच थांबायची. एकदा माझ्या आवाजानं समोरच्या लिंबावरचे पोपट उडाले ते पार पिंगळीच्या स्टेशनावर जाऊन टेकले. हे मी नाही सांगत, आमचे मालक सांगतात, म्हणजे माझे यजमान. आणि ते वाढवून बोलत नाहीत. घरात ते खातं माझ्याकडं आहे. म्हणूनच पुढची हकीकत सांगितली की लोक हसतात. हसोत बापडे. बाकी सगळ्या गोष्टी मी चढवून सांगते, ही एकच उतरवून सांगते. कारण जशीच्या तशी सांगायला मलाच धीर होत नाही.

त्या काळी मी स्वतःला लय नशिबाची समजायचे. पहाटेच्या गाडीचे ड्रायव्हर पहिला चहा माझ्याच हातचा घ्यायचे, म्हणायचे, अक्काचा चहा झाला की दिवस सरळ जातो. त्यांना वाटायचं म्हणून मलाही वाटायचं. एका वादळात आमचा अर्धा पत्रा उडून गेला, तर मी म्हटलं, बरं झालं, धुराला वाट पाहिजेच होती. मालक पत्रा शोधायला निघाले आणि येताना पत्र्याबरोबर एक हरवलेली शेळी आणि तिचा मालक घेऊन आले. तो पुढं आमचा रोजचा गिऱ्हाईक झाला. माझं असंच चालायचं. काहीही पडलं तरी ते माझ्याच ओटीत पडलंय, असं मी धरून चालायचे.

मग गळ्याला गाठ आली. आधी बोराएवढी. घोट गिळताना ती वर जायची, खाली यायची, जणू आत कुणी बसून श्वास घेतंय. आवाज आधी चिरका झाला, मग खरवडला, आणि एका सकाळी हाक द्यायला तोंड उघडलं तर नुसती वाफ बाहेर आली. लोकांना वाटेल, त्यात काय, भजी तर तळता येतात. पण मी सांगते, त्या दिवसापासून मी फाट्यावर दिसेनाशी झाले. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, माझ्यासमोरून जायची. नजर माझ्यातून आरपार जाऊन मागच्या पत्र्यावर टेकायची. रोजचा चहा पिणाराही मालकांना विचारायचा, “अक्का कुठंयत?” आणि मी त्याच्यापुढं कप धरून उभी.

मालक म्हणायचे, परभणीला जाऊन दाखवू. मी नकाराची मान हलवायचे. सुईची भीती नव्हती मला. आम्ही शिवाचे. जन्मल्यावर गळ्यात लिंग बांधतात, ते अंगावरून उतरत नाही. मातीत जाताना तळहातावर ठेवतात, तेवढंच. चांदीच्या डबीतलं ते लिंग माझ्या छातीवर, आणि त्याच्या दोऱ्याच्या जरा वर ही गाठ. दवाखान्यात गळ्यावर पातं लावायचं म्हणजे आधी दोरा उतरवा म्हणणार. आणि दोरा उतरला की मी उतरले, असं मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. हे मी मालकांनाही सांगितलं नव्हतं.

एकदा मनानं असं ठरवलं की सगळ्या मुलखातले अपशकुन पत्ता विचारत आपल्या दारी येतात. दूध नासलं, म्हटलं हे माझंच लक्षण. मांजर बाकाखाली व्याली, म्हटलं आता माझी जागा तिला. आणि एका दुपारी पांढरी मोटार बरोब्बर आमच्यासमोर फुसकन बसली, चाकात खिळा. आतून एक डॉक्टर उतरले. चाक बदलेपर्यंत बाकावर बसून त्यांनी चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना त्यांची नजर माझ्या गळ्यावर थांबली.

“बाई, एक घोट पाणी गिळा बरं.”

मी गिळलं. त्यांनी बघितलं.

“परभणीला मी याच गाठींचं काम करतो. या तुम्ही. उशीर नका लावू.” दवाखाना कुठल्या रस्त्याला ते मालकांना नीट समजावून ते निघून गेले.

मालकांचा चेहरा उजळला, आणि मी काय कुजबुजले असेन? “ज्याचं स्वतःचं चाक माझ्या दारात फुटतं, तो माझा गळा काय शिवणार!” आज आठवलं की हसू येतं. महादेवानं डॉक्टर घरपोच पाठवला, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं निघून जाऊ नये म्हणून वाटेत खिळा ठोकला, आणि मी पावती घ्यायलाही तयार नव्हते.

डॉक्टर सोडून मी कौल मागायला निघाले. फाट्यापासून कच्च्या वाटेनं आत गेलं की ज्वारीच्या रानात महादेवाचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे. नंदीच्या बाजूला एक गुळगुळीत गोटा, भोपळ्याएवढा. समोर उकिडवं बसायचं, मनातला प्रश्न विचारायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांवर गोटा उचलायचा. हलका होऊन वर आला तर देव हो म्हणाला. जड झाला तर नाही. मोठमोठे पैलवान तिथं घाम गाळून उठलेत आणि काडीसारख्या म्हाताऱ्यांनी तो कापसासारखा उचललाय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गुरवमामा नव्या माणसाला एक नियम आधी सांगतात: ज्याची बोटं, त्याचा कौल. दुसऱ्यासाठी विचारता येत नाही. पेडगावकडचा एक जण भावाच्या लग्नाचं विचारायला आला होता म्हणे, गोटा आला वर, आणि त्या साली लग्न झालं ते त्याचंच. भाऊ अजून बसलाय.

आमच्याकडं प्रश्न चांगल्या अंगानं घालायची रीत आहे. पोरीला स्थळ मिळेल का, विहिरीला पाणी लागेल का. मी मात्र बसले आणि माझ्या तोंडून निघालं, “महादेवा, माझं वाईटच व्हायचंय ना?”

गोटा वर आला. उचलायच्या आधी आला म्हटलं तरी चालेल. बोटं नुसती टेकली होती. खालून कुणीतरी हळूच ढकलून द्यावं तसा तो माझ्या हनुवटीपर्यंत आला. थंडीचे दिवस, देवळाच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि गोटा ऊबदार. वासराच्या कपाळाला हात लावावा तसा. मी तो टाकला आणि घरी आले. दुसऱ्या सोमवारी पुन्हा गेले, वाटलं चुकून झालं असेल. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तसाच वर. मग दर सोमवारचा नाद लागला. प्रत्येक वेळी तो आदल्या वेळेपेक्षा हलका, आदल्या वेळेपेक्षा ऊबदार. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, तो माझी वाट बघत बसतो. माझं जेवण तुटलं. गाठ बोराची लिंबाएवढी झाली.

मालक एकदाच बोलले. बेसनाचा हात तसाच ठेवून म्हणाले, “आगं, दगडाला काय इचारायलीस? डॉक्टरला इचार की!” आणि पुन्हा कांदा चिरायला बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. कांदाच असेल.

मग तो सोमवार आला. धुकं असं की हात पुढं केला तर बोटं आधी नाहीशी व्हायची. वाटेच्या दोन्ही बाजूंनी ज्वारीची कणसं टपटपत होती, पण कणसाखालचं ताट एकही दिसत नव्हतं. कुत्रं भुंकेना, पाखरू बोलेना. हमरस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे पाण्याखालून आल्यासारखे. माझ्याच पावलांचा आवाज मला एक पाऊल उशिरा ऐकू येत होता. मी थांबले की तो एकदा वाजायचा आणि मग थांबायचा. देवळाच्या तोंडाशी गुरवमामा शेकोटीपाशी गुरफटून बसले होते. त्यांना हात करून मी आत गेले. धुकं माझ्याआधीच आत जाऊन बसलेलं.

मी गोट्यापुढं बसले. प्रश्न ओठावर आला, तेवढ्यात नंदीच्या पलीकडून कुणी बोललं.

“बाई, जरा थांबतीस का?”

आवाज बाईचा, पण कसा म्हणू! जाड, घोगरा, मध्येच फाटणारा. फरशीवरून वाळला कडबा ओढत न्यावा तसा. बघितलं तर घोंगडी पांघरलेली एक बाई उभी. घोंगडी कपाळावरून खाली ओढलेली, तोंड काही दिसेना.

“माझी बोटं भाजलीत,” ती म्हणाली. “माझ्यासाठी उचलतीस का?”

तिनं हात पुढं केला. बोटांना हळदीनं पिवळी झालेली चिंधी गुंडाळलेली. हात उचलल्यावर घोंगडी मागं सरली आणि मला दिसलं, दंडाला दोरा, दोऱ्याला चांदीची डबी. आमच्यातलीच होती तर. पण लिंग गळ्यात न बांधता दंडाला? मला नवल वाटलं. तळलेल्या तेलाचा वास येत होता. तो माझ्याच लुगड्याचा असणार, असं मी धरलं.

खरं सांगते, मला तिची दया आली. किती दिवसांनी मी माझी गाठ सोडून दुसऱ्या कुणाच्या दुखण्याकडं बघत होते. गुरवमामांचा नियम त्या घडीला डोक्यातून साफ पुसला गेला.

“काय इचारू?” मी वाफेच्या आवाजात विचारलं.

ती हसली. “पुढं चांगलं हाय का, इचार. एवढंच. नाव-गाव घेऊ नको, त्याला समदं ठाऊक हाय.”

मी बोटं टेकली आणि अगदी मनापासून, त्या बाईचं भलं व्हावं म्हणून, विचारलं, “महादेवा, पुढं चांगलं हाय का?”

गोटा वर आला. तसाच अलगद, तसाच ऊबदार. माझ्या हनुवटीपर्यंत येऊन तिथं थांबला.

“आला बघ,” तो फाटका आवाज माझ्या कानाशी म्हणाला. “आता सांग, बोटं कुणाची?”

“माझी.”

“मग कौल कुणाचा?”

माझ्या हातून गोटा सुटला. वळून बघितलं तर नंदी, धुकं आणि मागच्या पडक्या भिंतीचं खिंडार. त्या खिंडारात बाभळीचं असं काटवन माजलेलं की तिथून मुंगूससुद्धा विचार करून जाईल. मी धावत पुढं आले.

“मामा, ती बाई कुठं गेली?”

“कोण बाई?” गुरवमामा डोळे चोळत म्हणाले. “सकाळपसून तुमच्याबिगर हितं कुणी न्हाई. अक्का, तब्येत बरी हाय ना?”

मी देवळाच्या पायरीवर बसले. गोटा तोच, बोटं तीच, वजन तेच. वाईट व्हायचंय ना म्हटलं, तो हो म्हणाला. चांगलं आहे का म्हटलं, तरी हो म्हणाला. इतके सोमवार मी देवाचं मन विचारतेय असं समजत होते, आणि तो बिचारा मी जे म्हणेन त्याला मान डोलवत होता. भीतीला एवढं बळ असतं की ती भोपळ्याएवढा दगड बोटांच्या टोकांवर उचलते. मग भरवशालाही असेलच की. माझं नशीब गोट्याखाली दबलेलं नव्हतं. ते माझ्या बाकावर बसून चहा पिऊन गेलं होतं, जाताना पत्ता देऊन.

घरी आले तर मालक कढईपाशी. मी म्हटलं, “अवो, उठा. परभणीला जायचंय.”

“आता? ही कढई...”

“उतरवा कढई.”

त्यांनी कढई उतरवली आणि विचारलं, “गोटा हो म्हणला का?”

“ते जाऊ द्या. मी म्हणले.”

डॉक्टरांनी मला बघितल्याबरोबर ओळखलं. “पंक्चरवाल्या बाई ना तुम्ही?” मी कुजबुजले, “पंक्चर तुमचं, चहा आमचा.” ते हसले, पण गाठ चाचपताना हसू मावळलं. म्हणाले, आणखी उशीर केला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. मग ती घडी आली, जिला मी इतके दिवस भीत होते. नर्सबाई म्हणाल्या, “मावशी, गळ्यातलं सगळं काढून द्या.” माझा हात दोऱ्याकडं गेला. आणि डोळ्यांपुढं घोंगडी मागं सरलेला तो दंड आला. मी म्हटलं, “दंडाला बांधा, बाई. अंगावरून उतरवू नका.” त्या म्हणाल्या, एवढंच ना, आणि स्वतःच्या हातानं गाठ मारून दिली. किती लहान गोष्ट होती ती! तिच्या मागं मी माझा जीव लपवून ठेवला होता. झोपेचं औषध चढताना मी महादेवाला काहीच विचारलं नाही. म्हटलं, आता माझी बोटं तुझ्या हातात.

गाठ निघाली, आणि वाईट काही पसरलेलं नव्हतं. काही दिवस बोलायची मनाई. मनाई उठली त्या सकाळी मालकांनी दवाखान्यासमोरून चहा आणला. एक घोट घेऊन मी म्हटलं, “साखर कमी हाय.”

मालकांच्या डोळ्यांत पाणी. आणि माझा कप तसाच हवेत राहिला. आवाज परत आला होता, पण माझा नव्हता. जाड, घोगरा, मध्येच फाटणारा. फरशीवरून वाळला कडबा ओढल्यासारखा. तो मी आधी ऐकलेला होता.

डॉक्टर म्हणाले, आतल्या नसेला धक्का लागला, आवाज आता असाच राहील. मी म्हटलं, राहू द्या. त्यांना काय सांगणार, की हा आवाज माझ्याआधीच जाऊन मला भेटून आलाय! फाट्यावर लोकांना आता तो ओळखीचा झाला. भजी खपतात. पोपट उडत नाहीत, पण म्हशी वळून बघतात. दोरा घासतो म्हणून लिंग कायमचं दंडालाच ठेवलं. आणि मोटारीचा तो खिळा सापडला असता तर मी देव्हाऱ्यात ठेवला असता.

एवढ्यावर हकीकत संपली असती तर मी ती केव्हाच चढवून सांगत सुटले असते. पण गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी पुन्हा तसंच धुकं पडलं. आदल्या दिवशी कढईतलं तेल उडून माझी बोटं पोळली होती, हळद लावून चिंधी बांधली होती. थंडी फार, म्हणून मालकांची घोंगडी पांघरली. देवळामागच्या बाभळी कुणीतरी सरपणाला तोडून नेल्यात, तेव्हापासून मी शेताच्या बांधानं येऊन त्या खिंडारातूनच आत जाते, फाट्यावरून तेच जवळ पडतं. पुढं गुरवमामा शेकोटीपाशी डुलकत असणार. नंदीपाशी आले तर गोट्यासमोर कुणी बाई पाठमोरी बसलेली, खांदे आवळून, बोटं टेकवायच्या बेतात.

मला गोटा उचलून महादेवाला नुसतं ‘बरं आहे’ म्हणायचं होतं. बोटांनी जमणार नव्हतं. म्हणून सहज, अगदी सहज, मी म्हटलं, “बाई, जरा थांबतीस का?”

तो आवाज देवळात घुमला आणि माझ्याच कानात शिरला. पुढचे शब्द मला ठाऊक होते. मी ते बोलले की त्यांनी मला बोलून घेतलं, देव जाणे. माझी बोटं भाजलीत, माझ्यासाठी उचलतीस का. आणि धुक्यातून अगदी बारीक, वाफेसारखा प्रश्न आला, “काय इचारू?”

मला हसू आलं. भीतीनं आलं की आनंदानं, ते त्यालाच ठाऊक. काय विचारायचं ते सांगितलं. गोटा वर आला. बोटं कुणाची, कौल कुणाचा, तेही विचारलं. आणि ती वळायच्या आत खिंडारातून बाहेर पडले. मागं पळत जाणारी पावलं ऐकू आली, मग गुरवमामांचा झोपाळू आवाज, “कोण बाई?”

फाट्यावर माझ्यासारखी बेधडक बाई नाही, असं लोक म्हणतात. पण त्या दिवशी तिचं तोंड बघायची माझी हिंमत झाली नाही. ती कुणा दुसऱ्या गावची घाबरलेली लेक असेल, तर महादेवानं माझ्या फाटक्या आवाजाचा उपयोग केला, मी धन्य झाले. आणि दुसरी कुणी नसेल, तर मला वाचवायला त्यानं मलाच धाडलं. त्याचे उपकार तरी कुठल्या तोंडानं फेडू? मी बांधानं घरी आले. मालकांनी विचारलं, “आज काय म्हणला गोटा?” मी कढईत पहिला घाणा सोडला आणि म्हटलं, “मी इचारलंच न्हाई.”

आता मी त्याला काही विचारत नाही. जे समोर येऊन बसेल, त्याला आधी चहा देते.